तळातले किडे विष पुरतात की उकरतात?

प्रश्न : गांडूळ शेतकऱ्याचा मित्र, हे शाळेपासून पाठ आहे. खाडीच्या चिखलातही किडे, खेकडे, शिंपले बिळं करून राहतात. कारखान्यांचं जे विष वर्षानुवर्षं तळाच्या गाळात साचलं आहे, ते हे प्राणी साफ करत असतील का? करत असतील, तर गांडूळखतासाठी करतो तशी त्यांची पैदास करून ते खाडीत सोडता येतील का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : साफ करतात का, हे विष कोणतं त्यावर ठरतं. सांडलेलं तेल असेल तर हे प्राणी खरोखर हातभार लावतात. जड धातू असतील तर बऱ्याचदा बंद कुलूप उघडून देतात. डीडीटी किंवा पीसीबीसारखं चिवट रसायन असेल, तर ते बहुतेक तिथंच राहतं. खालचं वर आणि वरचं खाली होतं, एवढंच. सोडता येतील का, याचं उत्तर शेवटी देतो, कारण ते नुसत्या ‘नाही’पेक्षा थोडं लांब आहे.

आधी गाळ जवळून पाहू. ओहोटीला कांदळवनाच्या कडेला चिखलात फावड्याचा एक घाव घाला आणि निघालेलं ढेकूळ उभं कापून बघा. वरचे दोन-चार मिलिमीटर तपकिरी, त्याखाली सगळं काळं आणि नाकात सडक्या अंड्यांचा वास. पाण्यातला प्राणवायू त्या तपकिरी पापुद्र्यापुरताच पोचतो. त्याखालचे जीवाणू प्राणवायूवाचून जगतात. समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड सोडतात. त्याची गाठ लोखंडाशी पडली की काळा रंग तयार होतो. आता त्याच ढेकळात खेकड्याचं किंवा किड्याचं बीळ कापलं गेलं असेल, तर त्याच्या भिंतीला गंजासारखी तांबूस कड दिसेल. काळ्या चिखलाच्या पोटात, हातभर खोल, ही कड आली कुठून? बिळात राहणारा प्राणी अंग हलवून वरचं पाणी सतत आत ओढत असतो. त्या पाण्याबरोबर प्राणवायू खाली जातो आणि काळं लोहसल्फाइड अक्षरशः गंजतं. चौरस मीटरभर चिखलात अशी शेकडो बिळं असली, तर गाळाची पाण्याला भिडणारी बाजू वरून दिसते त्याच्या कितीतरी पट होते.

हे झालं पाण्याचं. प्राणी चिखलही हलवतात, आणि विषाच्या दृष्टीने ते जास्त महत्त्वाचं, कारण डीडीटी-पीसीबी पाण्यात फारसं विरघळत नाही. गाळाच्या कणाला चिकटून बसतं. कण जाईल तिकडे विष जातं. घरी मत्स्यालय असणाऱ्यांना ट्युबिफेक्स माहीत असेल. माशांना खाऊ म्हणून दुकानात तांबड्या किड्यांचा गुंता मिळतो, तोच. काचेच्या ग्लासात तळ्यातला चिखल घ्या, वर पांढऱ्या बारीक वाळूचा पातळ थर द्या, पाणी भरा आणि थोडे ट्युबिफेक्स सोडा. ते डोकं खाली खुपसून बसतात आणि शेपटी वर पाण्यात डोलवत ठेवतात. श्वास शेपटीने, जेवण तोंडाने, तेही काही सेंटिमीटर खोलीवरचं. थोड्या दिवसांत पांढऱ्या वाळूवर काळ्या लेंड्यांचा थर चढलेला दिसेल आणि वाळू हळूहळू खाली बसत जाईल. खालचा चिखल गिळून वर टाकायचा, एवढाच त्यांचा दिनक्रम. त्या चिखलात विष असतं तर तेही वर आलं असतं. पाण्यात प्राणवायू कमी झाला की शेपट्या जास्त लांब बाहेर येतात आणि जास्त जोरात हलतात. घरातल्या मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

ही ढवळाढवळ किती खोल जाते? बर्नार्ड बूड्रो या सागरशास्त्रज्ञाने १९९८ मध्ये जगभरच्या नोंदी एकत्र करून सरासरी काढली, ती दहा सेंटिमीटरच्या आसपास आली. म्हणजे समुद्रतळाचा वरचा वीतभरापेक्षा कमी थर सतत वरखाली होत असतो आणि त्याखाली इतिहास स्वस्थ पडून असतो. सरासरी म्हणून हे ठीक आहे. पण तळाची सफाई सरासरीवर चालत नाही, ते पुढे येईलच.

आता विषांचे प्रकार. तेलाचं सोपं आहे. तेलातली बरीच संयुगं फोडणाऱ्या जीवाणूंना प्राणवायू लागतो आणि किडे तो पुरवतात. कॅपिटेला नावाचा केसासारखा बारीक समुद्री कृमी गाळात असला, तर तेल-कोळशातली काही घातक संयुगं लवकर विघटित होतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे.

धातूंचं उलटं. कॅडमियम, जस्त, तांबं हे त्या काळ्या, दुर्गंधी थरात सल्फाइडशी घट्ट बांधलेले असतात. वास वाईट, पण कैद पक्की. किड्याने प्राणवायू आत नेला की सल्फाइडचा बंध सुटतो आणि धातू पाण्यात उतरण्याची वाट मोकळी होते. पाऱ्याची गोष्ट याहून नाजूक. पाऱ्याचं सर्वांत घातक रूप म्हणजे मिथाइल पारा. जपानमधल्या मिनामाताच्या लोकांना ज्याने ग्रासलं ते. काही जीवाणू ते तयार करतात, आणि त्यांना प्राणवायूचा थर व प्राणवायूविना थर यांच्या सीमारेषेवरची जागा मानवते. बिळाची प्रत्येक भिंत ही अशीच सीमारेषा. म्हणजे किडे वाढले की मिथाइल पाऱ्याच्या या कारखान्यांची संख्याही वाढली! मिनामाता उपसागरात जपानने या भानगडीत न पडता गाळच काढायचा निर्णय घेतला. १९७७ ते १९९० या काळात सुमारे १५ लाख घनमीटर गाळ हलवून, कोंडून त्यावर ५८ हेक्टर भूमी तयार केली. इतका पैसा आणि इतकी जिद्द प्रत्येक खाडीच्या नशिबी नसते.

राहिली ती क्लोरीनवाली चिवट रसायनं. यांच्यासाठी एकच गोष्ट सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाची सगळी गुंतागुंत तिच्यात आहे.

लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला पालोस व्हर्डेस नावाचा किनारा आहे. जवळच्या टॉरन्समध्ये माँट्रोझ केमिकल कंपनीचा डीडीटीचा कारखाना १९४७ पासून चालू होता. त्याचं डीडीटीयुक्त सांडपाणी शहराच्या मैलापाण्याच्या वाहिनीत जायचं आणि तिथून व्हाइट पॉइंटच्या समुद्री नळांतून थेट समुद्रतळाशी. १९७१ मध्ये हे थांबलं तोवर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या हिशेबाने १,७०० टनांहून जास्त डीडीटी त्या वाटेने गेलं होतं. त्यातलं शंभरेक टन पुढे कित्येक वर्षं तळाच्या गाळात टिकून राहिलं, बहुतेक डीडीटीपासून बनणाऱ्या डीडीई या रूपात. कॅटलिना बेटावरच्या गरुडांची अंडी इतकी पातळ कवचाची होऊ लागली की ती उबवतानाच फुटत. व्हाइट क्रोकर हा तिथला तळात चरणारा मासा. त्याच्या मांसात विष इतकं साठलं की १९९० मध्ये त्याच्या व्यापारी मासेमारीवर बंदी आली.

आता किड्यांकडे या. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नळाजवळचा तळ म्हणजे काळा, सल्फाइडने भरलेला गाळ होता. त्यात तग धरणारे प्राणी मोजकेच. १९७३ च्या सुमारास तिथं लिस्ट्रिओलोबस नावाचा एक जाडसर, सोंडवाला कृमी अचानक प्रचंड संख्येने उगवला. कुणी सोडला नव्हता. तो बिळं करून राहिला, पाणी खेळवत राहिला, चिखल उलथापालथा करत राहिला. पाहता पाहता सल्फाइड घटलं, गाळाचा पोत बदलला आणि इतर जातींचे प्राणी तिथं पाय रोवू लागले. काही वर्षांत तो जसा आला तसा ओसरलाही. तुमच्या प्रश्नातलं गांडूळ प्रत्यक्षात दाखवायचं तर ते हेच.

पण हा गाळ साधा नव्हता. त्यात डीडीटी होतं. तळ जगण्यालायक झाला, म्हणून प्राणी आले. प्राणी आले, म्हणून पुरलेला चिखल हलू लागला. पिअर्सन आणि रोझेनबर्ग या दोघांनी १९७८ मध्ये मांडलेला एक क्रम सागरजीवशास्त्रात आजही मानला जातो. सेंद्रिय घाण फार असते तेव्हा तळात फक्त बारीक, वरच्या थरात राहणारे कृमी तगतात. घाण कमी होत जाते तसतसे मोठे, खोल बिळं करणारे प्राणी परततात. म्हणजे समुद्रतळ जसजसा बरा होतो, तसतसा तो अधिक खोल खणला जातो. विष पुरून ठेवलेल्या जागेत ही सुधारणाच डोकेदुखी ठरू शकते. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट आहे आणि सफाईच्या आराखड्यांत ती सर्वांत सहज विसरली जाते.

पालोस व्हर्डेसला यात आणखी एक पेच आला. डीडीटी बंद झाल्यावरही मैलापाण्याबरोबर गाळ येतच होता आणि तो विषारी थरावर साचत होता. घाणीनेच घाणीवर पांघरूण घातलं म्हणा. त्यामुळे सर्वांत विषारी थर नळाजवळ साधारण तीस सेंटिमीटर खाली गेला. पुढे मैलापाण्यावरची प्रक्रिया सुधारली, २००२ मध्ये तर संपूर्ण दुय्यम प्रक्रिया सुरू झाली. शहर योग्य तेच करत होतं. पण वरून येणारा गाळ आटला आणि विष आणखी खोल पुरलं जाणं मंदावलं. खालून मात्र खणणारे प्राणी वाढत होते.

आणि किडे तिथं प्राणवायू नेत असतील तर विष मोडायला तरी मदत होते का? इथंही गंमत आहे. १९९८ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी पालोस व्हर्डेसचाच गाळ प्रयोगशाळेत ठेवून दाखवलं की त्यातले जीवाणू डीडीईमधला क्लोरीन काढून टाकू शकतात. त्याआधी डीडीई जवळपास अमर समजलं जाई. पण हे काम प्राणवायू नसतानाच होतं. काळ्या, कुंद थरात जे सावकाश चाललं होतं, ते बिळाच्या तांबूस कडेला थांबतं.

मग माणसांनी काय केलं? २००० मध्ये तळाच्या काही भागावर, चाळीस ते साठ मीटर खोल पाण्यात, जहाजातून वाळू सोडून चाचणी थर घातला. असा थर किती जाड हवा हे ठरवताना अमेरिकेच्या लष्करी अभियंत्यांचा हिशेब साधा आहे. रसायन अडवायला जेवढी जाडी लागते ती धरायची, आणि त्यात तिथले प्राणी जेवढं खोल खणतात तेवढी जाडी वरून मिळवायची. किड्यांसाठीचा वाटा आधी बाजूला काढून ठेवायचा.

हा वाटा ठरवताना सरासरीचा दगा होतो. कॅनडात नोव्हा स्कोशियाच्या कॅन्सो सामुद्रधुनीत ॲक्सिअस सेराटस हा झिंग्याच्या नात्यातला प्राणी अडीच मीटरहून खोल बिळं करतो, असं १९७६ मध्ये ‘सायन्स’ मासिकात प्रसिद्ध झालं. शास्त्रज्ञांनी मथळ्यातच त्याला ‘सुपरश्रिंप’ म्हटलं. दहा सेंटिमीटरवर भरवसा ठेवून अशा ठिकाणी थर घालणाऱ्याचं काय होईल? बाल्टिक समुद्रात तर रहिवासीच बदलले. तिथले मूळचे प्राणी वरच्या काही सेंटिमीटरमध्येच वावरणारे. १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेकडचा मारेंझेलेरिया हा कृमी आला, बहुधा जहाजांच्या तोलपाण्यातून, आणि तो तीस सेंटिमीटरच्याही खाली जातो. जुनी प्रदूषकं नवा गाळ साचून कायमची गाडली गेली, असं मानून चालणाऱ्यांना हा पाहुणा जड गेला. त्याच्या बिळांमुळे गाळातली सेंद्रिय प्रदूषकं पाण्यात जास्त उतरतात, हे स्वीडनमधल्या प्रयोगांत दिसलं. गंमत अशी की हाच कृमी बाल्टिकच्या प्राणवायूच्या दुष्काळावर उतारा ठरू शकेल, असंही दुसऱ्या संशोधकांनी मांडलं आहे. एकाच प्राण्याला दोन प्रगतिपुस्तकं!

किड्यांना अडवण्याऐवजी कामाला लावायची कल्पनाही आहे आणि ती मला फार आवडते. पाणी शुद्ध करण्याच्या फिल्टरमध्ये जो सक्रिय कोळसा असतो, तो गाळात मिसळला तर पीसीबी-डीडीटी गाळाचे कण सोडून त्याला जाऊन चिकटतात आणि सहज सुटत नाहीत. विष तिथंच असतं, पण प्राण्याच्या अंगात शिरत नाही. हे साधणं सोपं नाही, कारण चिखल खाणाऱ्या समुद्री कृमींच्या आतड्यातल्या रसात साबणासारखं काम करणारी द्रव्यं असतात. नुसत्या पाण्यात जे सुटत नाही ते पोटात सुटतं. स्टॅनफर्डच्या रिचर्ड लुथी यांच्या गटाने सॅन फ्रान्सिस्को उपसागरात, हंटर्स पॉइंट या नौदलाच्या जुन्या गोदीजवळ, २००६ च्या सुमारास हे उघड्या चिखलावर करून पाहिलं. पीसीबीने बाधलेल्या गाळात कोळसा यंत्राने, जवळजवळ रोटाव्हेटर फिरवावा तसा, कालवला. पुढे मेरिलँडमध्ये उपल घोष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्रच काढून टाकलं. कोळशाच्या जड गोळ्या पाण्यावरून टाकायच्या; त्या बुडतात, तळाशी हळूहळू फुटतात आणि कोळसा गाळात कालवायचं काम तिथले किडे करतात. ‘सेडिमाइट’ या नावाने त्या गोळ्या निघाल्या. ज्या सवयीमुळे विष वर येतं तीच सवय औषध खाली नेते.

यातली मेख नॉर्वेत दिसली. ग्रेनलँडच्या फ्योर्डांमध्ये मॅग्नेशियमच्या कारखान्यातून १९५१ पासून अर्धशतकभर डायॉक्सिन उतरलं होतं. २००९ मध्ये तिथल्या तळावर चिकणमातीत कालवलेल्या कोळशाच्या पुडीचा पातळ थर दिला. डायॉक्सिनचं झिरपणं घटलं. पण कोळसा पडलेल्या पट्ट्यांत तळातल्या प्राण्यांची संख्या आणि जातीही घटल्या, आणि ही घट लगेच भरून निघाली नाही. चिखलातून पोट भरणाऱ्या प्राण्याच्या खाण्यात कोळसा मिसळला तर पोषण कमी मिळतं, असा एक तर्क आहे. जाडसर कोळसा प्राण्यांना कमी बाधतो, पण विषही सावकाश पकडतो. म्हणजे मजूर लावले आणि कामानेच मजूर पळाले, असं व्हायचं नसेल तर मात्रा आणि दाणा दोन्ही तोलून ठरवावे लागतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, किडे सोडण्याचा. जपानमध्ये कुमामोतोचे संशोधक त्सुत्सुमी यांनी हे केलं आहे. मत्स्यशेतीच्या पिंजऱ्यांखाली माशांच्या विष्ठेचा आणि उरल्या खाद्याचा जो थर साचतो, त्यात त्यांनी वाढवलेले कॅपिटेला सोडले आणि सेंद्रिय गाळाचं विघटन वेगाने झालं. तिथं जमलं, कारण ती घाण म्हणजे शेवटी अन्नच होतं. धातू आणि क्लोरीनची रसायनं असलेल्या गाळात तोच प्रयोग करणं म्हणजे खोदकामाला परवानगी देणं. शिवाय जिथं प्राणवायूच नाही तिथं सोडलेले किडे मरतील, आणि जिथं आहे तिथं ते आपोआप येतील. बॉस्टनच्या बंदरात हेच झालं. १९९१ च्या अखेरीला तिथं मैल्याचा गाळ समुद्रात सोडणं बंद झालं. नव्वदच्या दशकात ॲम्पेलिस्का हा जेमतेम सेंटिमीटरभराचा कवचधारी प्राणी तळावर नळ्यांची दाट गादी पसरत गेला आणि गाळात प्राणवायू पूर्वीपेक्षा खोल पोचू लागला. ते पाहायला काच बसवलेला कॅमेरा पाचरीसारखा चिखलात घुसवून उभ्या छेदाचे फोटो घेतात. मघाशी फावड्याने कापलेलं ढेकूळ आठवा, तेच पाण्याखाली. २००० मध्ये मैलापाण्याचा नळही बंदरातून उचलून पंधरा किलोमीटर बाहेर नेला.

ठाण्याच्या खाडीत पैदाशीचे किडे सोडू नयेत, असंच मी म्हणेन. शेजारच्या उल्हास खाडीच्या गाळातल्या पाऱ्यावर राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे, आणि पारा असलेल्या चिखलात नवी बिळं पाडणं काय करू शकतं ते वर आलंच. मोठा रोहित पक्षी चिखलातले हेच बारीक जीव गाळून खातो. निवट्या, चिंबोऱ्या आणि आपण त्याच साखळीत आहोत. आधी येणारं सांडपाणी आवरावं लागेल. मग गाळ उपसणारा ड्रेजर नेण्याआधी गाळाच्या कांड्या काढून त्यांचे सेंटिमीटरचे काप पाडावेत आणि प्रत्येक कापासमोर दोनच रकाने भरावेत, विष किती आणि जिवंत कोण. विष वीस सेंटिमीटरवर आणि सर्वांत खोल प्राणी आठवर निघाला, तर त्या जागेला हात न लावणंच बहुधा शहाणपणाचं. प्राणी विषाच्याही खाली सापडले, तर वर किती जाड थर द्यायचा याचा हिशेब त्याच कागदावरून सुरू करता येतो. आणि दर दोन-चार वर्षांनी, विशेषतः पाणी सुधारू लागलं की, दुसरा रकाना पुन्हा भरावा लागतो.